उलट्या अर्थाची गाडी

राजारामपुरीत नंदिनीबाईंना नावानं ओळखणारी माणसं थोडी. ‘लाल गाडीवाल्या बाई’ म्हटलं की मात्र पानपट्टीवालासुद्धा हात लांब करून घर दाखवायचा. लाल गाड्या काय गावात कमी आहेत? पण ही एमजी होती, जुनी, विलायतेहून बोटीनं आलेली, दोनच माणसांची, डोक्यावर छप्पर असून नसल्यासारखं. हल्ली एमजी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं शोरूममधली उंच धिप्पाड गाडी येते. तिच्याशेजारी ही उभी केली तर उंचीनं नात दिसेल आणि वयानं आजी.

गाडी मूळची बाईंच्या नवऱ्याच्या, वसंतरावांच्या काकांची. काका एका सिनेमा कंपनीत व्यवस्थापक होते. कंपनीनं एका चित्रपटासाठी ही गाडी घेतली, नायिकेला तीत बसवून पन्हाळ्याच्या घाटात शूटिंग केलं, आणि चित्रपट काही पडद्यावर आला नाही. कंपनी बुडाली, गाडी काकांच्या गळ्यात पडली. काका ब्रह्मचारी माणूस. त्यांनी ती पुतण्याच्या लग्नात आहेर म्हणून देऊन टाकली. वसंतरावांनी पहिल्याच आठवड्यात ती शेजाऱ्याच्या गोठ्यात घातली. म्हशीला काही झालं नाही, पण वसंतरावांनी स्टिअरिंगला पुन्हा हात लावला नाही. मग नव्या सुनेनं विचारलं, ‘मी शिकू का?’ काका म्हणाले, ‘शीक की. गोठा हाय तिथंच हाय.’

तेव्हापासून गाडी कागदावर वसंतरावांची आणि रस्त्यावर नंदिनीबाईंची. शाळेत मराठी शिकवायला बाई याच गाडीतून जायच्या, पदर खोचून, डोळ्यांना गॉगल लावून. मुख्याध्यापक सायकलवरून येत आणि मराठीच्या बाई स्पोर्ट्स कारमधून, हे दृश्य गावानं कित्येक वर्षं कौतुकानं पाहिलं. निवृत्त झाल्यावर गाडी रविवारपुरती राहिली.

वसंतरावांकडे खातं होतं बॅटरीचं. गाडीची बॅटरी पुढं बॉनेटखाली असते हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. या गाडीची मात्र सीटच्या पाठीमागं, एका फळीखाली, खड्ड्यात. तीही एक नव्हे, दोन. आठवडाभर उभ्या गाडीत त्या मान टाकायच्या. गाडी ठेवायची ती खालच्या पत्र्याच्या शेडमध्ये आणि शेडला वीज नाही. शेडला वीज द्यावी की न द्यावी यावर सोसायटीची सभा दर वर्षी भरते आणि चहा पिऊन उठते. म्हणून शनिवारी संध्याकाळी वसंतरावांनी सीट सरकवायच्या, फळी काढायची, वाकून एकेक बॅटरी खड्ड्यातून उपसायची, जिना चढून वर न्यायची, रात्रभर चार्जिंगला लावायची आणि रविवारी सकाळी पुन्हा खाली. पाटबंधारे खात्यात साहेब म्हणून वावरलेला हा माणूस, पण ॲसिडचं भोक नाही अशी त्याची एकही घरगुती पँट नव्हती.

गाडीचं दुखणंखुपणं दस्तगीर मिस्त्री बघायचे. ते आता राहिले नाहीत. दर खेपेला बॉनेट लावताना ते एकच वाक्य बोलायचे, ‘बाई, हिचा अर्थ उलटा हाय. ध्यानात असू द्या.’ बाई पडल्या मराठीच्या. त्यांना हे वाक्य इतकं आवडलं की त्यांनी त्याचं रसग्रहण करून टाकलं. गाडी तऱ्हेवाईक आहे, नीट चाललीय असं वाटलं की बंद पडणार आणि खोकायला लागली की पन्हाळ्यापर्यंत बिनबोभाट नेणार, असा त्यांनी त्याचा भावार्थ लावला. पुढं घरात तो वाक्प्रचारच झाला. वसंतराव ‘मला भूक न्हाय’ म्हणाले की बाई दोन भाकरी जास्त थापत आणि म्हणत, ‘अर्थ उलटा.’

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना वसंतरावांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, भरलेली कळशीसुद्धा उचलायची नाही. कळशी नाही म्हणजे बॅटरी कुठली? शेजाऱ्यांनी एकदा उचलली, दोनदा उचलली. तिसऱ्या खेपेला सगळ्या शेजाऱ्यांना एकदम कंबरदुखी सुरू झाली. गाडीवर चादर पडली ती पडलीच.

मग एका सोमवारी पुण्याहून मोहितचा फोन आला. मोहित हा यांचा मुलगा. बापाशी काय बोलायचं ते बोलून झाल्यावर त्यानं आईला फोन द्यायला सांगितलं नाही, तेव्हाच बाईंना वास आला.

‘रविवारी येतोय मोहित,’ वसंतराव म्हणाले. ‘संगं हुपरीचा एक चांदीवाला हाय. रुद्रेश म्हणून. पैंजणांचा धंदा हाय त्याचा. जुन्या गाड्यांचा नाद हाय म्हणं. बघून जाईल.’

‘काय बघून जाईल?’

‘गाडी.’

बाईंच्या हातातली पळी तशीच राहिली. ‘मला न विचारता?’

‘विचारून काय करू? उचलणार कोण? तू का मी?’ वसंतरावांनी वर्तमानपत्र उघडलं. ‘चादरीखाली सडवण्यापरास कुणाच्या तरी दारात पळू दे की.’

बाईंना राग आला आणि रागापेक्षा जास्त भीती वाटली. कारण नवरा चिडून बोलत नव्हता, शांतपणे बोलत होता. तसं बघायला गेलं तर वसंतरावांना या गाडीचं होतं काय? चाळीस वर्षांत ते दोन-चार वेळा कुणाच्या लग्नाकार्याला म्हणून तीत बसले असतील. रविवारी बॅटरी लावली की वर निघून जायचे. रंकाळ्याची फेरी बाई एकट्याच मारायच्या. ह्यांना हौसच नाही, असं त्यांनी मनाशी कधीच ठरवून टाकलं होतं. आणि ज्याला हौस नाही त्याला विकायला कितीसा वेळ लागतो?

‘एक सांगते,’ बाई म्हणाल्या. ‘रविवारी त्या माणसासमोर मी एकटीनं, कुणाचा हात न लागता, वरून बॅटरी आणून बसवली आणि गाडी चालू केली, तर?’

वसंतरावांनी पेपरावरून बायकोच्या मनगटाकडे पाहिलं. बांगडीसुद्धा ज्यातून सुटून पडते असं मनगट.

‘तर बघू,’ ते म्हणाले.

‘बघू’ हा नवऱ्यांचा शब्द. त्यात होही नसतं आणि नाहीही नसतं. पण बाईंना तेवढं पुरलं. दुसऱ्या दिवशी दहाच्या ठोक्याला त्या रिक्षानं उद्यमनगरात नागाप्पाच्या दुकानात जाऊन उभ्या राहिल्या.

नागाप्पा हा बॅटरीतला जुना माणूस. मूळचा सीमाभागातला, घरात कानडी, धंद्यात मराठी, शिव्या दोन्हींत. त्याच्या दुकानात बॅटरी घ्यायची एक रीत होती. गिऱ्हाईक आलं की नागाप्पा बॅटरीचे गुण सांगत बसायचा नाही. ‘उचलून बगा पावणं’ म्हणायचा. पावणं वाकायचे, उचलताना तोंड वेडंवाकडं करायचे, आणि जितकं तोंड वाकडं तितकी बॅटरी चांगली असं मानून घेऊन जायचे. पुरत्या जिल्ह्यात बॅटरी अशीच पारखली जाते.

बाईंनी आपली अडचण सांगितली. नागाप्पानं मान हलवली. ‘अक्का, वजन कमी पायजे म्हंजे ताकद कमी घ्यावी लागंल. आनि ताकद कमी घेतली तर तुमची म्हातारी उठायची न्हाय.’

‘अप्पा, काय पण सांगू नका त्यांना,’ आतून आवाज आला. नागाप्पाची मुलगी सौंदर्या हात पुसत बाहेर आली. वारणानगरला इंजिनिअरिंग करून बापाच्याच दुकानात बसलेली, आणि बापाशी रोज भांडणारी. तिनं कपाटातून एक काळा डबा काढला आणि बाईंपुढं ठेवला. ‘उचला काकू.’

बाईंनी आयुष्यभर बॅटरी उचलणारा नवरा पाहिलेला. त्यांनी पाय रोवले, दात आवळले आणि दोन्ही हातांनी हिसका मारला. डबा असा काही वर आला की हनुवटीवर आपटता आपटता राहिला.

‘रिकामा आहे का ग हा?’

‘भरलेला हाय. लिथियमची बॅटरी. त्या तुमच्या दोघींचं काम ही एकटी करती. पाणी घालायचं न्हाय, ॲसिड सांडायचं न्हाय. आणि उभ्या गाडीत लवकर उतरत पण न्हाय. पुण्या-बेळगावची शौकीन माणसं आता जुन्या स्पोर्ट गाड्यांना हीच लावत्यात. वजन कमी झालं की गाडी हलकी पळती.’

‘पळून जानार कुटं?’ नागाप्पा म्हणाला. ‘अक्का, जन्मभर शिसं विकलंय मी. वजनाची बॅटरी आनि वजनाचा मानूस, दोन्ही अडीनडीला उपयोगी पडत्यात. ह्यो डबा म्हंजे फरसाणाचा पुडा. हलकं ते हलकंच.’

बाईंना त्याचं बोलणं ऐकूच येत नव्हतं. त्यांनी डबा एका हातात धरला, मग दुसऱ्या हातात, मग काखेत मारून दुकानातल्या दुकानात दोन पावलं चालून पाहिलं. ज्या ओझ्यापायी गाडी दारातून जायची वेळ आली होती, ते ओझं असं काखेत मावत होतं. ‘मला हीच दे,’ त्या म्हणाल्या.

शुक्रवारी सौंदर्या हत्यारं घेऊन शेडमध्ये आली. वसंतरावांनी गॅलरीतून डबा पाहिला, जिना उतरून खाली आले आणि तो जवळून पाहिला.

‘हे एवढंसं?’

‘व्हय काका. ह्याच्यावर धावंल बगा.’

वसंतराव रस्ता ओलांडून गेले. समोरच्या गणपती मंडळाच्या कट्ट्यावर जाऊन शेडकडे पाठ करून बसले. बाईंना ते खटकलं, पण तेव्हा त्यांचं ध्यान फळीखालच्या खड्ड्यात होतं.

जुन्या वायरींची टोकं नव्या डब्याला बसेनात. सौंदर्यानं ती कापून काढली, नवी टोकं लावली, दोनाची एक जोडणी केली. तोवर शेजारपाजार जमला होता. कंबरदुखी बघण्याच्या आड येत नाही. बाई गाडीत बसल्या, चोक ओढला, देवाचं नाव घेतलं आणि बटण दाबलं. पहिल्या झटक्याला इंजिन असं उठलं की पत्र्यावरची कबुतरं उडाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी शिट्टीही मारली. बाईंनी आनंदाच्या भरात पाय दाबला.

आणि बॉनेटच्या फटीतून धूर आला. आधी बारीक, मग चांगला उदबत्तीचा पुडा पेटवल्यासारखा. सौंदर्या ‘बंद करा, बंद करा’ म्हणून ओरडली. बाईंनी किल्ली फिरवली. त्यानंतर बटण दाबलं तर टकसुद्धा वाजेना. काळा डबा मेल्यासारखा गप्प.

‘हलकं ते हलकंच,’ शेजाऱ्यांतून कुणीतरी म्हणालं. नागाप्पाचं वाक्य त्याच्या आधी इथवर पोचलं होतं.

नागाप्पा स्वतः स्कूटरवरून आला तेव्हा बॉनेट उघडं होतं आणि डायनॅमोचा कटआउट, म्हणजे डायनॅमो आणि बॅटरी यांच्यामधली ती छोटी पेटी, काळी पडली होती. बाई शेडच्या पायरीवर बसल्या होत्या. परवा रविवार. हुपरीचा माणूस येणार, चादर काढणार, आणि गाडी ढकलत टेम्पोत चढवणार. त्यांना रडू येत होतं आणि शेजाऱ्यांपुढं रडायचं नव्हतं.

‘मी सांगितलंतं,’ नागाप्पानं सुरुवात केली.

‘अप्पा, डबा मेला न्हाय. आत सर्किट हाय, त्यानं धोका बघून स्वतःच वाट बंद केली. चार्जरला लावला की उठंल. माझं जोडताना काय चुकलं तेच कळेना.’ सौंदर्या अगदी रडकुंडीला आली होती. ‘सगळ्या गाड्यांना करतात तसंच केलंय की. प्लस आत दिला आणि निगेटिव्हला बॉडीचा अर्थ दिला.’

‘काय दिला?’ बाईंनी मान वर केली.

‘अर्थ. बॉडीला जोडतात ती वायर. अर्थिंग म्हणतात न्हवं का?’

बाई उठून उभ्या राहिल्या. पुन्हा खाली बसल्या. मग त्यांना जे हसू फुटलं ते आवरेना. नागाप्पाला वाटलं, धूर डोक्यात गेला. ‘अहो, अर्थ!’ बाई म्हणाल्या. ‘दस्तगीर मिस्त्री सांगून सांगून गेले, बाई, हिचा अर्थ उलटा हाय. आणि मी मराठीची मास्तरीण, जन्मभर त्याचा भावार्थ लावत बसले! ते वायरीबद्दल बोलत होते हो!’

नागाप्पानं फाडकन कपाळावर हात मारून घेतला. ‘अय्यो! जुनी विलायती गाडी! हिच्यात बॉडीला प्लस असतोय. माझा बाप सांगायचा. माझ्याबी ध्यानात आलं न्हाय बग.’

‘म्हणूनच सुरू झाली आणि नंतर पेटली,’ सौंदर्या म्हणाली. ‘स्टार्टरला सुलटं-उलटं सारखंच. पण डायनॅमो जुन्या सवयीनं उलटी वीज देत ऱ्हायला आणि ती बॅटरीशी भांडली. कटआउट मधल्या मध्ये जळाला.’

बाई रस्ता ओलांडून कट्ट्यापाशी गेल्या. ‘अहो, तुम्ही बॅटरी लावताना बॉडीला काय जोडायचात?’

‘प्लस,’ वसंतराव मान न वळवता म्हणाले. ‘पहिल्यापास्नं. काकांनी तसं दाखवलंतं.’

‘मग सांगितलं का नाही?’

‘विचारलं कुणी?’ ते म्हणाले. ‘तो डबा तू काखेत घालून फिरायलीस. आता हितं माझं काय काम ऱ्हायलंय?’

बाई तिथंच उभ्या राहिल्या. इतके दिवस त्यांना गाडीचीच काळजी होती. कळशीसुद्धा उचलू नका असं डॉक्टरांनी सांगितल्यावर या माणसाच्या मनात काय झालं असेल, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. गाडी विकायला तो शांतपणे का तयार झाला ते आता कुठं समजलं. उचलता येत नाही ते रोज समोर बघत बसण्यापेक्षा नजरेआड झालेलं बरं. बाईंना आपलीच लाज वाटली. आणि बघू म्हणणारा नवरा आता रविवारी काय बोलेल? गाडी सुरू होईल हो. पण ती सुरू झालेली त्याला हवी आहे का?

‘उद्या दुरुस्तीला तुम्ही पुढं उभं राहायचं,’ त्या एवढंच म्हणाल्या. ‘मला अर्थ कळत नाही, सिद्ध झालंय.’

शनिवारी नागाप्पानं आपल्या माळ्यावरचं भंगार उपसून तसाच जुना कटआउट शोधून आणला. वजनदार होता, त्यामुळं नागाप्पा खुशीत होता. काळा डबा चार्जरला लावल्याबरोबर जागा झाला. वसंतराव स्टूल टाकून बसले आणि ‘ही हिकडं, ती तिकडं’ असं सांगत राहिले. सौंदर्यानं तशी जोडणी केली, नव्या बॅटरीला सोसेल एवढाच विजेचा दाब कटआउटला बांधून दिला, आणि डायनॅमो बराच वेळ पळवून पाहिला. धूर नाही. नागाप्पानं डबा तळहातावर घेतला, खाली-वर झुलवला आणि म्हणाला, ‘हलका हाय पर इमानदार हाय.’ लेकीला त्याच्याकडून यापेक्षा मोठं सर्टिफिकेट मिळण्याची आशा नव्हती. तिनं तेवढ्यात समाधान मानलं.

संध्याकाळी बाईंनी डबा वर नेला. मग खाली आणला. मग पुन्हा वर नेला. गरज काही नव्हती, पण लहान मुलाला नवी चप्पल मिळाल्यावर ते घरातही घालून फिरतं तसं चाललं होतं. वसंतराव पेपर वाचत होते. पान बराच वेळ उलटलं नव्हतं.

रविवारी सकाळी मोहित आला तो रुद्रेशला घेऊनच. रुद्रेश म्हणजे तिशीतला गडी, कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, बोलायला गोड. आल्याआल्या दोघांच्या पाया पडला. चादर निघाल्यावर मात्र त्याची नजर गाडीवरून हलेना. हात मागं बांधून त्यानं तिला प्रदक्षिणाच घातली. चांगल्या मालाला पहिल्या झटक्यात हात लावायचा नाही, ही धंद्याची शिस्त.

‘जरा थांबा,’ नंदिनीबाई म्हणाल्या. पदर खोचला, जिना चढून गेल्या आणि काळा डबा काखेत मारून खाली आल्या. रुद्रेशनं तो बघायला मागितला आणि सवयीनं तळहातावर तोलला.

‘कमालच हाय. आमच्यात पैंजण वजनाला कमी भरलं की गिऱ्हाईक भांडतंय. हितं वजन कमी केलं की मालाची किंमत वाढतीया.’

बाईंनी सीट सरकवली, फळी काढली, डबा खड्ड्यात ठेवला. बॉडीची वायर हातात घेतल्यावर त्या क्षणभर थांबल्या, ओठ हलवत ‘उलटा’ म्हणाल्या आणि जोडली. कुणाचा हात लागला नाही. बटण दाबलं. गाडी उठली, आणि धूर आला तो मागून, जिथून यायला हवा तिथूनच. मोहितनं आईकडे पाहिलं. तिचे गाल लाल झाले होते, शाळेत बक्षीस मिळालेल्या मुलीसारखे, आणि त्याला जरा ओशाळल्यासारखं झालं.

रुद्रेश मात्र आता पुरता पेटला. ‘काका, मोहितदादाशी बोललोय त्या किमतीवर आणि वाढवून देतो. तुमीच बोला. गाडी सोन्यासारखी ठेवीन. पायजे तवा येऊन बसा.’ मग हसून म्हणाला, ‘तसं तुमी हिच्यात बसत न्हाईसा म्हणं.’

सगळ्यांनी वसंतरावांकडे पाहिलं. ते जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभे होते. बाईंनी इंजिन बंद केलं नाही. बंद केलं असतं तर आपल्या छातीचे ठोके सगळ्यांना ऐकू गेले असते असं त्यांना वाटलं. मग त्यांच्या लक्षात आलं की नवऱ्यानं पांढरा शर्ट घातलाय, इस्त्रीचा. केस विंचरलेत. रविवारी सकाळी या वेळेला त्यांनी या माणसाला असं कधी पाहिलंच नव्हतं.

‘बसणार कधी?’ वसंतराव म्हणाले. ‘दर रविवारी बॅटऱ्या लावल्या की माझे हात ॲसिडनं भरल्यालं, अंगाला घाम. तसाच बसलो असतो तर हिच्या सीटचं कातडं जळालं असतं. म्हणून आंघोळीला वर पळायचो. खाली यावं तर ही बाई गाडी घिऊन रंकाळ्याला गेलेली. एक दिवस थांबली न्हाय.’

बाईंचा हात स्टिअरिंगवरून निसटला. थांबायचं असतं हेच त्यांना माहीत नव्हतं. हौस नाही असं त्यांनी ठरवलं, आणि वसंतरावांनी कधी सांगितलं नाही, आणि आयुष्यातले सगळे रविवार असे गेले. वाईट वाटावं की हसावं ते त्यांना कळेना, आणि डोळे मात्र भरून आले.

वसंतरावांनी दोन्ही तळवे पुढं करून दाखवले. ‘आज बग. कोरडे हायत.’ मग ते रुद्रेशकडे वळले. ‘विकायची न्हाय, पावणं. राग मानू नगा. वर चला. मोहित, ह्यास्नी पोहे दे, चहा दे. आमी आलोच.’

आणि ते डावीकडचं दार उघडून, गुडघे पोटाशी घेऊन, कसेबसे आत शिरले. दार लागेना. बाईंनी पलीकडून हात लांब करून ते ओढून घेतलं.

गाडी गेटबाहेर पडली. राजारामपुरीच्या गल्ल्या ओलांडून रंकाळ्याच्या रस्त्याला लागली. रविवारचा रस्ता मोकळा होता. पाठीमागचं ओझं गेल्यामुळं गाडी अशी सुटली की बाईंना स्वतःलाच आश्चर्य वाटलं. वारा तोंडावर येत होता, तळ्याचं पाणी एका बाजूनं चकाकत पळत होतं. बाईंनी पाय आणखी दाबला.

‘हळू चालव की जरा,’ वसंतराव म्हणाले.

‘भीती वाटते?’

‘न्हाय ग,’ वसंतराव म्हणाले. ‘लवकर पोचलो तर लवकर उतरावं लागंल.’